बंद घरातले नऊशे चहा

ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतल्या श्रीपादशास्त्र्यांच्या घरी पाइपाचा गॅस येऊन सहा वर्षे झाली होती. पण शास्त्रीबुवांच्या मनात तो अजून आलेला नव्हता. सिलिंडर हा कसा, घरी राहायला आलेल्या पाहुण्यासारखा. तो दिसे, त्याचे वजन लागे, आणि एके दिवशी ऐन पाहुण्यांच्या जेवणात तो संपला की त्याचे जाणे साऱ्या घराला कळे. पाइपाला मात्र आदि नाही, अंत नाही. ब्रह्माच्या ठायी हे लक्षण शोभते. पण ब्रह्म दर दोन महिन्यांनी बिल पाठवीत नाही.

त्या बिलावर सात ओळी असत आणि सातव्या ओळीत एक रक्कम असे. रकमेबद्दल शास्त्रीबुवांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती पडताळ्याची. ज्यांच्या खापरपणजोबांनी दरबारात पंचांग वाचले, ज्यांनी स्वतः चाळीस वर्षे महाविद्यालयात संस्कृत शिकवले आणि ग्रहणाचा स्पर्श व मोक्ष ज्यांनी घड्याळ हातात धरून तपासल्याशिवाय कधी मान्य केला नाही, त्यांनी कुणा परक्याने छापलेला आकडा मुकाट्याने शिरोधार्य का मानावा? म्हणून शास्त्रीबुवांनी ठरवले की मीटर आपण वाचायचा, आणि आपल्या घरी महिन्याला किती अग्नी लागतो व तो काय भावाने पडतो, हे आपणच काढायचे.

या संकल्पात एकच अडचण होती. मीटर होता घराच्या बाजूच्या बोळात, त्यावरचे आकडे होते मुंगीएवढे, आणि शास्त्रीबुवांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. परंतु बोळाच्या पलीकडे कमरेएवढी भिंत होती, आणि भिंतीपलीकडे ठाकूर दौलतसिंह होते.

दौलतसिंह मूळचे भिंडकडचे, महसूल खात्यातून निवृत्त झालेले. वय अठ्ठ्याहत्तर, पण नजर अशी की शेताच्या नकाशावरची पुसट रेघ अजून चष्म्याशिवाय दाखवीत. तीस वर्षे रोज सकाळी सात वाजता ते ती भिंत टांग टाकून ओलांडीत आणि शास्त्रीबुवांच्या पत्नी इंदुताई यांच्या हातचा चहा घेऊन त्याच वाटेने परत जात. फाटकातून ते कधी आले नाहीत. फाटकातून परके येतात, असे त्यांचे मत होते.

शास्त्रीबुवांनी त्यांना आपली पद्धत समजावून सांगितली. तारखेचा महिना कधी एकतीस दिवसांचा, कधी अठ्ठावीस. अशा वेड्यावाकड्या मापाने मोजणे हे शास्त्रीय नव्हे. तेव्हा नोंद तिथीने करावी, दर वद्य पंचमीला करावी, आणि तूर्त मीटरशेजारच्या भिंतीवरच पेन्सिलीने करावी. पुण्याला जाऊन डोळे झाले की आपण स्वतः बसून हिशेब मांडू. दौलतसिंहांनी मान हलवली. तिथीचे कॅलेंडर त्यांच्याकडेही होते. ते दर वर्षी बाड्याच्या बाजारातून आणीत आणि त्यात दूधवाल्याचे खाडे लिहीत.

प्रारंभ रंगपंचमीला झाला. त्या दिवशी केवळ महिन्याची नोंद करून शास्त्रीबुवा थांबले नाहीत. एकेका पदार्थाचेही माप घ्यावे असे त्यांच्या मनाने घेतले. मीटरवरचे लाल आकडे लिटर दाखवीत आणि हजार लिटरांचे एक युनिट होई. इंदुताईंनी चहाचे आधण ठेवले, शास्त्रीबुवा खिडकीत बसले आणि रंगाने माखलेले दौलतसिंह बोळातून आकडे पुकारू लागले.

“पाँच... सात... नौ... दस. दस पर रुक गई, शास्त्रीजी.”

एका चहाला दहा लिटर, म्हणजे करासह पंचावन्न पैसे. शास्त्रीबुवांना अशी धन्यता वाटली की जणू त्यांनी एखाद्या लुप्त ग्रंथाचे पान शोधून काढले. मग वरणभात झाला, भाजी झाली, आणि शेवटी नैवेद्याच्या पुरणपोळ्या. त्यांचे माप चारशे वीस लिटर भरले. भिंतीपलीकडून दौलतसिंहांचे हसणे ऐकू आले. देवाच्या पानापुढे चारशे वीस हा आकडा शोभेना, म्हणून इंदुताईंनी शेवटची पोळी तव्यावर जरा अधिक ठेवली आणि तो चारशे चोवीस करून घेतला.

असे दोन महिने गेले. वैशाख वद्य पंचमीला सकाळी पुण्याची गाडी होती. मुलगा यशोधन याने तिकडे डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती. इंदुताईंनी ओट्याखालची गॅसची कळ स्वहस्ते बंद केली, घराला कुलूप लावले आणि तुळशीला पाणी घालण्यासाठी चावी दौलतसिंहांच्या हाती दिली. रिक्षात बसता बसता शास्त्रीबुवांनी ओरडून सांगितले की आज पंचमी आहे, आकडा लिहायला विसरू नका. दौलतसिंहांनी पेन्सिल उंच करून दाखवली.

वीस दिवसांनी, ज्येष्ठ शुद्ध दशमीला, शास्त्रीबुवा नवे डोळे घेऊन परतले. त्या डोळ्यांनी त्यांनी प्रथम छतावरची जळमटे पाहिली, मग आरशात स्वतःला पाहिले आणि ते फार वेळ पाहिले नाही. त्यानंतर ते बोळात गेले. मीटरवर सहाशे एकवीस. स्वच्छ, ठसठशीत, कुणाच्या मदतीवाचून वाचलेले. आनंदाने त्यांनी भिंतीकडे मान वळवली. तिथे दौलतसिंहांच्या टपोऱ्या अक्षरांत तीन ओळी होत्या:

चैत्र वदी ५ : ६०३
वैशाख वदी ५ : ६१२
ज्येष्ठ वदी ५ : ६२१

शास्त्रीबुवांचा आनंद जागच्या जागी थिजला. आपण निघालो वैशाख वद्य पंचमीला. त्या दिवशीचा आकडा सहाशे बारा. आज सहाशे एकवीस. म्हणजे वीस दिवस कुलूप असलेल्या घरात नऊ युनिटे गॅस जळला. आणि तिसरी ओळ तर त्याहून भयंकर. ज्येष्ठ वद्य पंचमी अजून उगवायची होती. तिला दहा दिवस अवकाश होता. जो दिवस आलाच नाही त्या दिवसाची नोंद या भिंतीवर आधीच कशी आली? गुन्हा झाकण्यासाठी खोटे कागद करणारी माणसे त्यांनी वर्तमानपत्रात वाचली होती. पण ती निदान मागच्या तारखा घालतात.

नऊ युनिटे म्हणजे नऊ हजार लिटर. एका चहाला दहा. शास्त्रीबुवांनी बोळातच उभ्या उभ्या भागाकार केला. नऊशे चहा! वीस दिवसांत नऊशे, म्हणजे दिवसाला पंचेचाळीस. दौलतसिंह चहाचे भोक्ते होते हे सर्वविदित होते. पण दिवसाला पंचेचाळीस चहा म्हणजे झोपेचे आठ तास वगळता दर एकवीस मिनिटांनी एक. इतके करून माणूस तुळशीला पाणी केव्हा घालणार? आणि तुळस तर टवटवीत होती.

इंदुताईंनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “तुम्ही उगीच परेशान होताय. ठाकूरसाहेबांना चहा प्यायचा तर त्यांच्या घरी चूल नाही का?”

हा प्रश्न इतका सरळ होता की शास्त्रीबुवांना त्याचे उत्तर देणे कमीपणाचे वाटले. ते समोरच्या सुधाताईंकडे गेले. सुधाताई कॉलनीतल्या जुन्या; कुणाकडे काय शिजते हे त्यांना मीटरवाचून कळे. मधल्या काळात, त्यांनी सांगितले, दौलतसिंहांच्या नातीचा टीका, म्हणजे साखरपुडा, झाला होता. शंभर पाने उठली. हलवाई अंगणात होते. पण अंगण केवढे, पाने केवढी. मग आवाज खाली आणून त्यांनी पुस्ती जोडली, “मी काही म्हणत नाही हं, शास्त्रीबुवा. पण चावी तर त्यांच्याचकडे होती नं.”

जे शास्त्रीबुवांनी मनात आणले होते ते दुसऱ्याच्या तोंडून आल्यामुळे त्याला प्रमाण लाभले. दुःख गॅसचे नव्हते. नऊ युनिटांचे पाचशे रुपये देखील होत नव्हते. तीस वर्षांच्या मैत्रीत मागून जे मिळाले असते ते न मागता घेतले, आणि वर भिंतीवर खोटे लिहिले, याचे दुःख होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दौलतसिंह भिंत ओलांडून आले, नव्या डोळ्यांचे कौतुक करून गेले. शास्त्रीबुवा त्यांच्याशी केवळ हवामानाविषयी बोलले. चहा पिताना समोरचा माणूस कपात किती साखर घालतो हे त्यांनी त्या दिवशी प्रथमच पाहिले, आणि पाहिल्याबद्दल स्वतःचीच त्यांना लाज वाटली.

संशय असा मनात ठेवून जगणे शास्त्रीबुवांच्याने होईना. कदाचित मीटरच खोटा असेल, अशी एक वाट त्यांना दिसली. देवाने करावे आणि मीटर खोटा निघावा! चार पानी अर्ज शुद्ध हिंदीत लिहून ते सिटी सेंटरमधल्या गॅसच्या कार्यालयात गेले. खिडकीत उत्कर्ष नावाचा तरुण होता, मराठी घरातला. त्याने अर्जाचे वजन हातावर पाहिले आणि पहिल्या पानाच्या दुसऱ्या ओळीत वाचणे थांबवले.

“आजोबा, हे सब ठीक आहे, पण कंप्यूटरमध्ये तीनच कारणं आहेत. लीकेज, चोरी, नाहीतर मीटर तेज. घर बंद होतं आणि रीडिंग वाढली, तर मीटर तेजवालं हे घेतच नाहीये. लीकेज टाकू का चोरी? चोरी टाकली तर थाने में रपट लागेल, नाव लिहावं लागेल.”

येथे शास्त्रीबुवांपुढे धर्मसंकट उभे राहिले. चोरी म्हटले तर नाव लिहावे लागणार. आणि ते नाव त्यांच्या लेखणीतून उतरणे शक्य नव्हते. मागे रांगेतली माणसे खाकरत होती. शास्त्रीबुवांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “लीकेज.”

सज्जनाने भिडेखातर उच्चारलेला एक असत्य शब्द केवढा अनर्थ घडवतो, याची उदाहरणे पुराणांत आहेत. दर्पण कॉलनीत त्यात एकाची भर पडली. शास्त्रीबुवा टेंपोतून घरी पोचण्यापूर्वीच गल्लीत दोन गाड्या येऊन उभ्या होत्या. पिवळ्या टोप्या घातलेल्या माणसांनी आठ घरांचा गॅस बंद केला होता आणि आठ घरांतली माणसे बाहेर काढली होती. ग्वाल्हेरचा ज्येष्ठ महिना, दुपारचा एक. लोक लिंबाच्या एका झाडाखाली दाटीने उभे होते. कुणाची भाजी अर्धी शिजली होती, कुणाच्या कुकरची दुसरी शिट्टी राहिली होती. त्या सर्वांनी शास्त्रीबुवांचे ज्या नजरेने स्वागत केले ती वाचायला नव्या डोळ्यांची गरज नव्हती.

दोन तास त्या माणसांनी जोडाजोडाला साबणाचा फेस लावून पाहिला. बुडबुडा कुठेच आला नाही. तेव्हा त्यांच्या प्रमुखाने कागद काढला आणि सर्वांसमक्ष विचारले, “घर बंद था, तो बीच में चाबी किसके पास थी?”

झाडाखालची सगळी तोंडे एका दिशेला वळली. शास्त्रीबुवांनी जमिनीकडे पाहिले. मग दौलतसिंहांनी, शाळेत मूल हात वर करते तसा, हात वर केला.

“मेरे पास थी.”

प्रमुखाने ते लिहून घेतले. बाकीच्या घरांचा गॅस त्यांनी सुरू करून दिला. शास्त्र्यांच्या पाइपाला मात्र लाल पट्टी बांधून मोहोर लावली. दाबाची चाचणी झाल्याशिवाय ती निघणार नव्हती. चाचणी करणारा मनुष्य सोमवारी येणार होता, आणि तो दिवस होता शुक्रवार.

शनिवारी सकाळी सात वाजता कुणी भिंत ओलांडली नाही. इंदुताई बोळात गेल्या तेव्हा भिंतीवर कागदाच्या घडीत त्यांच्या घराची चावी होती. घडीवर काही लिहिलेले नव्हते.

ते तीन दिवस श्रीपादशास्त्र्यांच्या घराच्या इतिहासात नोंदण्याजोगे आहेत. सकाळी हलवायाकडची डाळ भरलेली बेडई, दुपारी दहीपोहे, रात्री पुन्हा दहीपोहे. शनिवारी भिंतीपलीकडून दौलतसिंहांच्या पत्नीने, ठकुराइनने, एक थर्मास इंदुताईंच्या हाती दिला. भांडण पुरुषांचे आहे, त्यात चहाचा काय दोष, असे दोघींचे न बोलता ठरले असावे. इंदुताईंनी कप भरून शास्त्रीबुवांपुढे ठेवला. चहा कुठून आला हे शास्त्रीबुवांनी विचारले नाही आणि कपाला हात लावला नाही. रविवारी त्यांचे डोके ठणकू लागले. तीस वर्षांत त्यांनी सकाळचा चहा एकट्याने कधी घेतलेला नव्हता; त्यामुळे डोके चहावाचून दुखते की आणखी कशावाचून, हे त्यांना निश्चित सांगता येईना.

रविवारी दुपारी इंदुताई बोळातल्या भिंतीवर सुकलेला साबणाचा फेस ओल्या फडक्याने पुसत होत्या. मधेच फडक्याचा आवाज थांबला. मग त्यांनी हाक मारली.

“अहो, इकडे या. तुमचे नवे डोळे घेऊन या.”

शास्त्रीबुवा गेले. इंदुताईंनी बोट ठेवले ते पहिल्या ओळीशेजारी. ‘चैत्र वदी ५’ या अक्षरांलगत गुलाबी रंगाचा एक अंगठा उमटला होता. ओले फडके लागताच तो अधिकच खुलला होता.

“हा रंगपंचमीचा अंगठा,” इंदुताई म्हणाल्या. “त्या दिवशी ठाकूरसाहेब रंगलेल्या हातांनीच लिहीत होते. आता सांगा, आपली रंगपंचमी कोणत्या महिन्यात?”

“फाल्गुनात. फाल्गुन वद्य पंचमी.”

“मग इथे चैत्र कसा?”

शास्त्रीबुवांनी नाक भिंतीला लागेपर्यंत वाकून ती अक्षरे पुन्हा वाचली. इंदुताईंचा स्वर चढला नाही. “गोकुळाष्टमी आपल्याकडे श्रावणात. त्यांची ठकुराइन त्याच दिवशी पंजिरी घेऊन येते आणि म्हणते, भादों की अष्टमी है. दर वर्षी तुम्ही तिला अर्धा तास समजावता की दिवस एकच, फक्त महिन्याची नावं दोन. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. म्हणून वद्य पक्षात ते आपल्याहून एक महिना पुढे. ठाकूरसाहेबांनी त्यांच्या कॅलेंडरानं लिहिलंय. त्यांची ज्येष्ठ वदी म्हणजे आपली वैशाख वद्य. आपण निघालो तो दिवस.”

निघालो त्या दिवशी सहाशे एकवीस. परतलो त्या दिवशी सहाशे एकवीस. बंद घरात एक चहादेखील झालेला नव्हता.

हा भेद शास्त्रीबुवांना ठाऊक नव्हता असे नाही. ठाऊक होता म्हणूनच तर घात झाला. चाळीस वर्षे त्यांनी तो विद्यार्थ्यांना शिकवला होता, मंदिरात सांगितला होता, एकदा आकाशवाणीवरही सांगितला होता. फक्त शेजारच्या माणसाला पेन्सिल देताना तो त्यांना सुचला नव्हता. कारण तिथी म्हणजे आपली तिथी, हे त्यांनी गृहीत धरले होते. खापरपणजोबांची आठवण येऊन त्यांनी दोन्ही कान धरले.

“फाटकातून जाऊन या,” इंदुताई म्हणाल्या.

“फाटकातून परके जातात,” शास्त्रीबुवा म्हणाले, आणि चावी कनवटीला लावून त्यांनी धोतर सावरले.

तीस वर्षांत ती भिंत एकाच मनुष्याने ओलांडली होती, आणि तो मनुष्य सहा फूट उंच होता. शास्त्रीबुवा सव्वापाच फूट आणि शहात्तर वर्षांचे. उजवा पाय पलीकडे गेला. डावा अलीकडे राहिला. आणि धोतराचा सोगा भिंतीत बसवलेल्या एका खिळ्याने असा धरला की पुढे जाणे नाही आणि मागे येणे नाही. अर्धे शास्त्रीबुवा अमावास्येच्या बाजूला आणि अर्धे पौर्णिमेच्या, अशा स्थितीत ते बसून असताना दौलतसिंह पायरीवर आले. ते हसले नाहीत, आणि हेच सर्वांत अवघड होते.

शास्त्रीबुवांनी भिंतीवरूनच सारे सांगितले. सहाशे बारा, सहाशे एकवीस, सुधाताई, खिडकीतला मुलगा, लीकेज. नऊशे चहांचा भागाकारही सांगितला, दर एकवीस मिनिटांसकट. कारण कबुली अर्धी देऊ नये. शेवटी ते हिंदीत म्हणाले, “ठाकूरसाहब, गिनती मेरी गलत थी. आपका लिखा एक अक्षर भी गलत नहीं था.”

“आपने पूछा क्यों नहीं?” दौलतसिंहांनी विचारले. “एक बार पूछ लेते.”

शास्त्रीबुवांनी कनवटीची चावी काढली आणि पुढे धरली. खाली तोल फारसा नव्हता. दौलतसिंह जवळ आले. त्यांनी आधी खिळ्यातून धोतर सोडवले, मग शास्त्रीबुवांना काखेत धरून अलगद आपल्या बाजूला उतरवले, आणि सर्वांत शेवटी चावी घेऊन खिशात टाकली.

सोमवारी चाचणी झाली, लाल पट्टी निघाली, आणि मंगळवारी सकाळी सात वाजता दौलतसिंह भिंत ओलांडून आले. इंदुताईंनी आधण ठेवायला भांडे उचलले तेव्हा शास्त्रीबुवांनी ते त्यांच्या हातातून घेतले. आयुष्यात त्यांनी केलेला तो पहिला चहा. लिटर किती लागले हे पाहायला बोळात कुणी गेले नाही. त्या चहाला नैवेद्याइतका वेळ लागला असावा.

दौलतसिंहांनी एक घोट घेतला, कपात डोकावून पाहिले, आणि मग तो पूर्ण रिकामा केला.

“शास्त्रीजी,” ते म्हणाले, “पूरी कॉलोनी के सामने नाम लिखा गया है कि हमने नौ सौ चाय पी है. इलज़ाम झूठा नहीं पड़ना चाहिए. यह एक हुई. बाकी आठ सौ निन्यानवे आप ही के हाथ की.”

शास्त्रीबुवांनी मनात मांडणी केली. रोज एक धरला तर अडीच वर्षे. आपण तोवर एकोणऐंशीचे होऊ. समोरचा मनुष्य ऐंशी ओलांडील. हिशेब लांबचा होता. परंतु त्यांना तो प्रथमच अवाजवी वाटला नाही.

“गिनेंगे कैसे?” दौलतसिंहांनी विचारले. “तारीख से, या तिथि से? और तिथि से, तो किसकी?”

शास्त्रीबुवा उठले आणि त्यांनी दुसरे आधण ठेवले.

“कप से,” ते म्हणाले.